काळी पाचचा देस : ट्रम्पेट प्रकल्पाच्या नोंदी

२९ जून २०२५

रूपरेषा आज कागदावर आली. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम, तबला, तानपुरा आणि लॅपटॉप. साधारण चाळीस मिनिटांची सलग रचना, पहिला प्रयोग नोव्हेंबरमध्ये नागपुरातच.

पायाशी राग देस. देस निवडला तो पावसाळ्यासाठी नाही. देसात चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल निषाद येतो, म्हणजे एकूण आठ सूर हाताशी असतात. हेच आठ सूर जॅझवाले वेगळ्या कारणासाठी रोज घोटतात. त्यावर सविस्तर लिहायचं आहे, पण आधी वाद्याचं काम.

एक अट पहिल्याच पानावर लिहून ठेवली. वर रागाचा आलाप आणि खाली ड्रम मशीनचा ठेका, एवढ्यावर थांबायचं नाही. असं मिश्रण पहिली दोन मिनिटं गोड लागतं. पुढे लक्षात येतं की रागाला ठेक्याशी काही देणंघेणं नाही, ठेक्यालाही रागाशी नाही. मुंबईत हॉटेलांतून जॅझ वाजवत असताना असलं काम भरपूर केलं आणि ऐकलं. नागपूरला परत आल्यावर तरी ते करायचं नाही.

४ जुलै

सा कुठे ठेवायचा, हा पहिला प्रश्न. उत्तर वाद्यानेच दिलं.

ट्रम्पेट बी फ्लॅटचा. कागदावर सी लिहिलेला सूर कानाला बी फ्लॅट ऐकू येतो, म्हणजे पेटीवरची काळी पाच, पाचवी काळी पट्टी. एकही व्हॉल्व्ह (नळीची लांबी वाढवणारी कळ) न दाबता नुसतं फुंकलं की नळीतून काळी पाचच्या हिशेबाने मध्य सा, मध्य प, तार सा, तार ग, तार प असे सूर एकावर एक निघतात. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो, तो आणि ट्रम्पेटचा हा खुला तार गंधार एकाच जातीचे. पियानोवरच्या गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट खाली असतो (अर्ध्या सुराचे १०० सेंट धरतात). पियानोसोबत वाजवताना आम्ही त्याला उतरलेला समजून ओठांनी वर ढकलतो. तानपुऱ्यासोबत तो आपल्या जागीच असतो. इतकी वर्षं ज्याला वाद्याचा दोष म्हणून सांभाळलं तो सूर आज तासभर नुसता धरून ऐकत होतो.

आता अडचण. देसचा वादी, म्हणजे मुख्य सूर, रिषभ, आणि देसात थांबायचं ते रिषभावर. मध्य सप्तकातला रिषभ पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून निघतो. दोन व्हॉल्व्ह एकत्र दाबले की जोडल्या जाणाऱ्या नळीची लांबी हिशेबापेक्षा कमी पडते, त्यामुळे हा रिषभ चढा लागतो. तार सप्तकात गेलं की रिषभ एकट्या पहिल्या व्हॉल्व्हवर येतो आणि तिथे तो उतरा, कारण त्या लांबीच्या नळीचा तो पाचवा स्वयंभू सूर आहे. एकच सूर, खाली चढा आणि वर उतरा. मंद्र पंचमही पहिल्या-तिसऱ्यावर, तोही चढा. त्याच्याखाली मंद्र तीव्र मध्यमापर्यंत जाता येतं आणि वाद्य संपतं.

उपाय जुनाच आहे. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला कडी असते, डाव्या हाताच्या अनामिकेने ती बाहेर सरकवायची. फक्त सूर लागल्यावर सरकवली तर दुरुस्ती ऐकू येते. ती रिषभावर येण्याआधीच सरकलेली हवी. तार रिषभासाठी स्लाइडचा उपयोग नाही, तिथे श्वासाचा दाब आणि ओठ. रोज सकाळी तानपुऱ्यासोबत फक्त दोन रिषभ, बाकी काही नाही.

११ जुलै

ज्यांच्याकडे गाणं शिकायचं त्या ताईंकडे पहिला दिवस. ताईंची पट्टी काळी पाच. बायकांच्या गाण्यात ही पट्टी नेहमीची, आणि बँडबाजातली क्लॅरिनेट, युफोनियम, ट्रम्पेट ही वाद्यं बी फ्लॅटची. म्हणजे बैठकीत गाणारी बाई आणि वरातीत फुंकणारा माणूस एकाच सा वर उभे असतात, फक्त त्यांची भेट होत नाही. या प्रकल्पात ती व्हावी.

मी ट्रम्पेट पेटीतून काढायला लागलो तर ताई म्हणाल्या, "तो राहू दे आत. आधी गा, मग फुंक."

मग दीड तास गाणं. रे म प, नि ध प, म ग रे. माझा गळा साधारण आहे, त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष म ग रे या उतरण्यावर. मी गंधारावर बसत होतो. त्या म्हणाल्या, "गंधाराला शिवायचं आणि रिषभावर यायचं. तिथे मुक्काम नाही." जॅझमध्ये गंधार हा स्वरसंघाचा (कॉर्डचा) मेजर-मायनर ठरवणारा सूर, त्यामुळे बोटांना तिथे टेकायची सवय आहे. ती सवय बोटांतून काढण्याआधी गळ्यातून निघायला हवी, हे आज कळलं. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) म्हणताना जीभ आणि श्वास दोन्ही तोडायचे नाहीत.

१९ जुलै

अर्ध्या व्हॉल्व्हचं काम. व्हॉल्व्ह पूर्ण न दाबता मध्ये धरला की हवा दोन्ही वाटांनी जाते, सुराची कड पुसट होते आणि तो घसरवता येतो. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या रेक्स स्टुअर्ट यांनी १९३० च्या दशकात कॉर्नेटवर या युक्तीची एक वेगळी बोलीच उभी केली. मला ती मींडेसाठी हवी आहे.

खाली यायला सोपं, वर चढायला अवघड. कोमल निषादावरून धैवताला शिवून पंचमावर येणं जमतंय. मध्यमावरून रिषभापर्यंत मात्र आवाज मध्येच घुसमटतो. तिथे अर्धा रस्ता ओठाने वाकवून आणि अर्धा व्हॉल्व्हने काढायचं ठरवलं. वेग एकदम कमी ठेवला तरच ते गाण्यासारखं लागतं, नाहीतर विनोदी परिणाम होतो. तो इथे चुकूनही येता कामा नये.

२६ जुलै

देस आणि बीबॉप. ही नोंद मोठी होणार.

१९४० च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांच्या वाजवण्यात, म्हणजे जॅझच्या बीबॉप शैलीत, एक चलन पक्कं झालं. डॉमिनंट सप्तकात कोमल निषाद असतोच. त्यात शुद्ध निषादही घ्यायचा आणि सा, शुद्ध नि, कोमल नि, ध असं सलग खाली यायचं. एक जादा सूर मिळाल्याने चार ठोक्यांत आठ सूर नीट बसतात आणि स्वरसंघाचे मुख्य सूर बरोबर ठोक्यावर पडतात. पुढे डेव्हिड बेकर या शिक्षकांनी अशा सप्तकांना बीबॉप स्केल हे नाव देऊन शिकवण्याची पद्धत घालून दिली. सा रे ग म प ध, दोन्ही नि. मोजून पाहा, देसचेच आठ सूर.

पण चाल उलटी. बीबॉपमध्ये दोन्ही निषाद शेजारी लागून येतात आणि त्यातच मजा आहे. देसात शुद्ध निषाद चढायचा, कोमल निषाद उतरायचा. दोघांची वाट वेगळी आणि मध्ये तार षड्ज उभा. सां नि ध प मधला निषाद कोमल, म प नि सां मधला शुद्ध. शिवाय देसात चढताना गंधार-धैवत वर्ज्य, तर बीबॉपमध्ये ठोक्यावर गंधार पडावा म्हणून तर सगळा खटाटोप.

सूर सारखे म्हणून दोन्ही एकच, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. सूर सारखे असल्यामुळेच फरक जास्त टोचतो. म्हणून आज नियम ठरवला, ताईंना फोन करून सांगितला, त्यांनी मान्य केला: तानपुरा चालू असेल तोवर देसचा कायदा, तानपुरा थांबला की जॅझचा. दोन्ही कायदे एका वेळी चालणार नाहीत. श्रोत्याला नियम सांगायची गरज नाही, तानपुरा बंद होण्याचा क्षण तो कानाने ओळखेल.

२ ऑगस्ट

पाऊस लागून राहिला आहे, तबल्याची पुडी सारखी उतरते. सराव रद्द, दिवसभर ट्रम्पेटवादकांना ऐकणं.

डॉन एलिस: १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये सतारवादक हरिहर राव यांच्याबरोबर त्यांनी हिंदुस्थानी जॅझ सेक्स्टेट काढलं. पाव सुरांसाठी चार व्हॉल्व्हचा ट्रम्पेट करवून घेतला. पण त्यांचा खरा ओढा तालाकडे. १९६६ मध्ये माँटेरे महोत्सवात त्यांच्या मोठ्या बँडने १९ मात्रांची रचना वाजवली, तिचे तुकडे ३-३-२-२-२-१-२-२-२. आपल्याकडच्या माणसाला हे गणित लगेच कळतं. रचनेत ऊर्जा प्रचंड, राग मात्र नाही.

माइल्स डेव्हिस: १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर' या अल्बममध्ये बादल रॉय यांचा तबला आहे आणि सतारही आहे. मला माइल्स फार प्रिय, तरी इथे तबला हा रंग म्हणून येतो, बोलणारा म्हणून नाही, असंच आजही वाटलं.

जॉन हॅसल यांच्यावर मी सगळ्यात जास्त थांबलो. ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकले. गाणं शिकले आणि मग ते ट्रम्पेटवर नेलं. त्यांचा ट्रम्पेट ऐकताना आधी वाद्य ऐकू येतच नाही, कोणीतरी हवेतून गातंय असं वाटतं. त्यावर हार्मनायझर लावून ते एकाच सुराचे समांतर सूर काढत, म्हणजे परंपरा आणि यंत्र दोन्ही, आणि दोघांत भांडण नाही. ताई म्हणतात तेच त्यांनी केलं. आधी गायले, मग फुंकलं.

चौथ्या व्हॉल्व्हचा विचारही केला. लेबनॉनी-फ्रेंच वादक इब्राहिम मालूफ त्यांच्या वडिलांनी, नसीम मालूफ यांनी, घडवलेला चार व्हॉल्व्हचा ट्रम्पेट वाजवतात. अरबी मकामांत पाव सूर पक्के असतात, त्यासाठी तो अगदी योग्य. आपल्याला लागतं ते कुठे १४ सेंटचं उतरणं आणि बाकी सगळी घसरण. पाव सुराची ठरलेली पायरी देसाच्या कामाची नाही. तीन व्हॉल्व्ह पुरेत.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला, आज मारबत. सकाळपासून इतवारीत.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: १८८० च्या दशकापासून इथे काळी आणि पिवळी मारबत निघते. सोबत बडगे असतात, चालू घडामोडींवरचे पुतळे. लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी पुतळे जाळतात. बँड, ढोलताशे, धुमाल या वाद्यपथकांच्या गाड्या, सगळं एकाच अरुंद रस्त्यावर. एक ठेका अजून संपलेला नसतो तोवर पुढच्या चौकातून दुसरा अंगावर येतो.

मी रेकॉर्डर घेऊन एका बँडच्या मागे चालत राहिलो. त्यांचे दोन ट्रम्पेट इतक्या गोंगाटात ऐकू जाण्यासाठी कसे फुंकतात ते पाहायचं होतं. ते सूर लांबवत नाहीत, सुरुवातीला जोराने धक्का देतात आणि सोडून देतात. चालता चालता श्वास पावलावर घेतात. मी हॉटेलात खुर्चीवर बसून शिकलो त्यात हे नव्हतं.

जॅझचा ट्रम्पेट जन्मला तोही असाच रस्त्यावर. न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेला ब्रास बँड असे. दफनभूमीकडे जाताना संथ भजनं, परतताना चाल उडती, आणि बँडच्या मागून नाचत येणाऱ्या गर्दीला सेकंड लाइन म्हणत. बडी बोल्डन (१८७७–१९३१) तिथलेच. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण उरलं नाही, पण 'बिग फोर' या ठेक्याचं श्रेय त्यांना देतात. लष्करी कूचात वजन पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर असतं. बिग फोरमध्ये दर दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या ठोक्यावर जोराचा ठोका येतो आणि कूच एकदम डुलायला लागतं. लुई आर्मस्ट्राँग मुलांच्या सुधारगृहात १९१३ च्या सुमाराला कॉर्नेट शिकले, ते तिथल्या बँडमध्ये रस्त्यावर चालतच.

आता हे केरव्यात मांडून पाहा. चार-चारची दोन आवर्तनं म्हणजे आठ मात्रा. धा गे न ति, न क धि न. बिग फोरचा ठोका शेवटच्या न वर पडतो, आठव्या मात्रेवर, समेच्या अगदी उंबऱ्याशी. आणि आज त्या बँडचा साइड ड्रमवाला नेमका तिथेच काठी आपटत होता, दर आवर्तनाला नाही, पण गर्दी नाचायला लागली की हमखास. घरी येऊन रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावून खात्री केली. रचनेचा दुसरा भाग मला आज मिळाला. तो कुठून उसना आणावा लागणार नाही.

१० सप्टेंबर

पितृपक्ष सुरू आहे. या पंधरवड्यात बँडला काम नसतं, म्हणून बँडच्या मास्तरांना वेळ मिळाला. इतवारीतलं त्यांचं दुकान वरून खालपर्यंत वाद्यांनी भरलेलं. बहुतेक माल मेरठच्या जली कोठीतला, देशातल्या बँडबाज्यांची वाद्यं जिथून येतात तिथला. भिंतीवर टोप्या आणि लाल कोट.

मास्तर क्लॅरिनेट वाजवतात. मी देसचा मुखडा वाजवून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूर चांगला हाये. पण तू मागं मागं काहून राहून राहिला? रस्त्यावर लोक निंघून जातीन ना बाप्पा."

मी सांगितलं की पहिला भाग बसून ऐकायचा आहे, रस्त्याचा भाग नंतर येतो. मग त्यांनी क्लॅरिनेट उचलली आणि तोच मुखडा त्यांच्या पद्धतीने वाजवला. म ग रे मधली मींड! क्लॅरिनेटच्या भोकांवरून बोटं सरकवत काढलेली, ताई जशी सांगतात जवळपास तशीच. राग शिकलात का विचारलं तर म्हणाले, "रागबिग नाही, वडलांकडून आलं. बिदाईच्या वक्ती असंच वाजवा लागते, नाहीतर बाया रडत नाहीत."

बिदाईच्या प्रसंगी बायकांना रडू यावं म्हणून घडलेली मींड आणि बैठकीतली मींड एकाच सुरावर येऊन थांबतात. याच्यापुढे फ्यूजन वगैरे शब्द मला फार लहान वाटतात.

पैशांचं आजच ठरवलं. जॅझवाल्यांना तालमीचे जे द्यायचे तेच बँडवाल्यांना. मास्तरांनी दोनदा विचारून घेतलं.

२० सप्टेंबर

लॅपटॉपवाल्या पोराबरोबर दिवस. तो हिंगणा रोडला राहतो, बीट करतो, वऱ्हाडीत रॅप लिहितो आणि खरंच चांगलं लिहितो. त्याचा बीट मिनिटाला ८६ च्या गतीचा, स्नेअर ठोक्याच्या किंचित मागे. तबलजी दादांना सुरुवातीला तो बेताल वाटला. मग त्यांनीच मार्ग काढला: "ख्यालात गाणारा ठेक्याच्या मागे रेलून चालतो, तसं समजून वाजवतो." आणि एकदम जमलं.

ट्रम्पेटमध्ये हे रेलणं मी रॉय हार्ग्रोव्ह (१९६९–२०१८) यांच्याकडून उचललं आहे. हार्ड बॉप (बीबॉपनंतरची जॅझ शैली) त्यांच्या रक्तात होता, तरी गायक डीअँजेलोच्या २००० च्या 'वूडू' या अल्बममध्ये त्यांनी ट्रम्पेटचे थर असे मागे ठेवले की ते गायकाच्या श्वासासोबत येतात. जुनं पक्कं असलं की नव्यात सैल बसता येतं, त्यांच्याबद्दल मला नेहमी असं वाटतं.

दुसरं काम हार्मनायझरचं. हॅसलसारखा समांतर पंचम लावून पाहिला. वरचा पंचम लावला तर शुद्ध निषादावर तीव्र मध्यम उमटतो, देसाबाहेरचा. खालचा पंचम लावला तर कोमल निषादावर कोमल गंधार उमटतो, तोही बाहेरचा. दोघं कागद घेऊन बसलो. चढताना शुद्ध निषाद असतो तेव्हा खालचा पंचम आणि उतरताना कोमल निषाद असतो तेव्हा वरचा पंचम ठेवला, तर उमटणारा प्रत्येक सूर देसच्या आठांतलाच राहतो. पोराने पायाने बदलायचं पेडल लावून दिलं. रागाचा आरोह-अवरोह पायाखाली आला. चढताना डावं पाऊल, उतरताना उजवं. यंत्राला रागाचा नियम पाळायला लावता येतो याचा मला आज फार आनंद झाला.

त्याला शेवटी रॅप हवा आहे. मी नाही म्हटलं. शब्द आले की श्रोता शब्दांमागे जातो आणि रिषभ मागे पडतो. त्याला पटलेलं नाही. त्याच्या शब्दांसाठी वेगळी रचना करायची हे दोघांनी लिहून ठेवलं आहे.

३ ऑक्टोबर

काल दसरा, सराव नव्हता. साइड ड्रमवाला भाऊ दीक्षाभूमीवर स्वयंसेवक म्हणून उभा असतो, तो उद्यापर्यंत येणार नाही.

आज कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर लिहिताना एक धागा हाताला लागला. तो ठळकपणे छापायचा आहे. इथल्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे यांच्याकडे वसंतराव देशपांडे शिकले आणि त्यांच्याबरोबर सी. रामचंद्रही. पुढे मुंबईत सी. रामचंद्रांनी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना सोबत घेतलं. चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, ताजमहाल हॉटेलात बँड चालवणारे, ज्यांना लोक हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातल्या गाण्यांचा झोत त्या दोघांच्या सोबतीतून आला. म्हणजे नागपुरात रागदारी शिकलेला माणूस आणि जॅझचा ट्रम्पेट यांची गाठ पंचाहत्तर वर्षांपूर्वीच पडली होती. त्या गाण्यांवर आपले आजोबा-आजी नाचले आणि बँडवाले आजही ती वाजवतात. मास्तरांना सांगितलं तर त्यांनी लगेच दोन धुना काढून दाखवल्या.

गोव्याच्या या वादकांविषयी मला फार आदर आहे. चर्चच्या शाळांत ते नोटेशन वाचायला शिकले, दिवसा चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात आणि रात्री हॉटेलांत वाजवत राहिले. पडद्यावर नावं क्वचितच आली. आमच्या पत्रिकेत चिक चॉकलेट यांचं नाव मोठ्या अक्षरात येईल.

१२ ऑक्टोबर

रचनेचा आराखडा पक्का.

तानपुरा आणि ट्रम्पेट, हार्मन म्यूट (आवाज दबका करणारं झाकण) लावून, माइकच्या अगदी जवळ. आलाप, पेडलसह. म्यूट काढून मुखडा, तबला मध्यलय तीनतालात. मग सभागृहाच्या मागच्या दारातून बँड चालत येतो, केरवा, आठव्या मात्रेचा ठोका. ते मंचावर पोचेपर्यंत मी वाजवत नाही, ओठांना विश्रांती. (चाळीस मिनिटं सलग फुंकणं शक्य असतं, पण शेवटचा रिषभ मग लागत नाही.) बँड मंचावर आला की तानपुरा थांबतो, लॅपटॉपचा बीट, आणि इथे दोन्ही निषाद शेजारी शेजारी, मोकळेपणाने. शेवटी तानपुरा परत, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट मिळून मध्य रिषभ.

हा शेवटचा रिषभ किती लांब धरायचा यावर तासभर वाद झाला. मास्तर छोटा म्हणतात, ताई लांब म्हणतात. प्रयोगापुरतं ताईंचं ऐकायचं ठरलं.

९ नोव्हेंबर

सभागृहात तालीम. वातानुकूलन जोरात. बँड मागून येत असताना मी शांत उभा राहिलो आणि परत फुंकलं तेव्हा ट्रम्पेट उतरला होता. हवा गार झाली की वाद्य उतरतं. नळीतली हवा एका अंशाने बदलली की हिशेबाने जवळपास तीन सेंटचा फरक. तानपुरा आणि तबला आपल्या जागी, म्हणून फरक लगेच उघडा पडतो. उपाय: न वाजवताना नळीतून निःशब्द गरम श्वास सोडत राहायचं. मास्तरांच्या माणसांना हे आधीच माहीत होतं. थंडीतल्या वराती त्यांनी अशाच काढल्या आहेत.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम सुरू झाला. मास्तरांची सुपारी नसलेला दिवस शोधून तारीख ठरवली: २० नोव्हेंबर, गुरुवार.

२१ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. सभागृह भरलं, मागे लोक उभे होते.

काय लागलं: आलाप, पेडलची अदलाबदल, तार गंधार. बँड मागून आला तेव्हा लोकांनी माना वळवल्या, आणि आठव्या मात्रेचा ठोका पडल्यावर पुढच्या रांगेतल्या आजींनी हाताने ताल धरला. जॅझच्या भागात मास्तरांनी ठरलेलं नसताना माझ्या ओळीला उत्तर दिलं आणि आम्ही बराच वेळ एकमेकांशी बोलत राहिलो. युफोनियमवाल्याने खाली चालता बास धरला, तो मी लिहिलाच नव्हता.

काय सुधारायचं: लॅपटॉपचा खालचा आवाज युफोनियमवर चढतो. तिथे बीटमधला बास पूर्ण काढायचा, युफोनियम पुरेसा आहे. तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड जास्त सैल हवी. मध्यम ते रिषभ मींड अजून सावकाश.

ताई नंतर म्हणाल्या, "रिषभ लागला." मग त्यांनी मास्तरांना बोलावून म ग रे पुन्हा वाजवायला लावलं आणि स्वतः हळू आवाजात सोबत गायल्या. मी रेकॉर्डर चालू ठेवला होता, ते ध्वनिमुद्रण जपून ठेवलं आहे.

३० नोव्हेंबर

मास्तरांचा फोन. परवा कामठीच्या एका वरातीत त्यांनी आमचा मुखडा वाजवला, आठव्या मात्रेच्या ठोक्यासह. लोक नाचले. पण शेवट त्यांनी बदलला: लांब रिषभाऐवजी ट्रम्पेट रिषभ मारून सोडतो, क्लॅरिनेट खाली ग नि सा करत षड्जावर येते आणि साइड ड्रम लगेच समेवर उचलतो, म्हणजे वरात न थांबता पुन्हा मुखड्याला लागते. "रस्त्यावर थांबलं का संपलं," असं ते म्हणाले.

मी फोनवरच गुणगुणून घेतलं. ग नि सा हा देसचाच उतार, ताईंचीही हरकत नसेल. बैठकीसाठी लांब रिषभ आणि चालत्या बँडसाठी हा शेवट, असे दोन्ही शेवट स्वरलिपीत लिहून काढले, दुसऱ्यावर मास्तरांचं नाव घातलं. डिसेंबरच्या प्रयोगात बँड मंचावरून खाली उतरून दाराबाहेर जाईल तेव्हा हाच वाजवायचा. त्यासाठी साइड ड्रमला आणखी एक जोडीदार लागेल, मास्तर उद्या कळवतील.